सिरक्याची बाटली आन् स्टँडवरची बाई

बायको गेल्यावर मी शुगरच्या गोळ्या सोडल्या. त्या तीच रोज हातावर ठेवायची. मग पोरानं पुण्याहून सफरचंदाच्या सिरक्याची, म्हंजी व्हिनेगरची, बाटली धाडली. मी म्हटलं, आता गोळ्यांऐवजी हेच बास.

कळमनुरीच्या स्टँडवर उपाशीपोटी त्यातला एक घोट तसाच मारला. असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. बाकावर शेजारी काळ्या बुरख्यातली एक म्हातारी बसली होती. तिनं माझ्या पाठीत दोन गुद्दे घातले आन् बाटलीच हिसकली.

"असा नुसता पेतेत का, बाबा? गळा जाळून घेता?"

"शुगरला चांगला हाय."

"आन् गोळी?"

"बायको द्यायची. ती न्हाई आता."

मग तिनं आपला डबा उघडला, चिरलेल्या कांद्यावर थोडा सिरका शिंपडला, मीठ चोळलं आन् भाकरीवर ठेवून माझ्यापुढं सरकवलं.

"आमच्यात सिरका जेवणासंग खातेत. दवा ती दवाच. खा, आन् काढा गोळी."

बायकोचा गोळ्यांचा बटवा मी पिशवीत संगच वागवतो, पण तोवर उघडला नव्हता. तो उघडला. तेवढ्यात नांदेडची गाडी लागली. ती पायरीवर एक पाय ठेवून माझ्याकडंच बघत उभी राहिली.

कंडक्टर ओरडला, "मावशी, गाडी काय त्या बाबाची हाय का?"

"व्हय, त्यांचीच हाय. गोळी गिळू द्या त्यांना."

मी गिळली, तवा ती चढली. नाव इचारायचं राहूनच गेलं. तिचे लई उपकार हायेत. बायको गेल्यापासून मला असं हक्कानं कोनी रागावलंच नव्हतं.