तिच्या फोल्डरांची नक्कल

बायकोने कॉम्प्युटरवर घरातले फोटो तिच्या पद्धतीने लावले होते. इंदूरचा सराफा बाजार एकच, पण 'सराफा दिवसा' हा एक फोल्डर, 'सराफा रात्री' हा वेगळा. दिवसाच्यात दागिन्यांची दुकानं, रात्रीच्यात भुट्ट्याचा कीस खाणारे आम्ही. जन्मभर लिनक्सवर काम केलेल्या मला तो पसारा बघवत नसे. पण ती गेल्यावर त्याला हात लावायची हिंमत होईना.

म्हणून मी नक्कल केली. तिचे सगळे फोल्डर जसेच्या तसे दुसरीकडे उभे केले आणि आत फोटोंऐवजी नुसत्या लिंका ठेवल्या. लिंक म्हणजे रस्ता दाखवणारी पाटी. ती काढली तरी मूळ फोटोला धक्का लागत नाही. त्या नकलेतून मी नावडते नातेवाईक खुशाल उडवले. शहराबाहेर, राऊ गावातल्या फ्लॅटमध्ये बोलायला कोणी नव्हतं, घर खायला उठायचं. निदान कोणाचं तोंड बघायचं नाही, हे तरी माझ्या हातात होतं.

दिवाळीला मुलगी पुण्याहून आली. स्वच्छतेत पहिल्या येणाऱ्या इंदूरची लेक, पसारा दिसला की हात शिवशिवतात. मी बाजारातून परतलो तर खुशीत म्हणाली, "बाबा, सगळं डबल-डबल पडलं होतं ना! आईवालं उडवून दिलं, तुमचं जमवलेलं ठेवलं. कचरापेटी पण खाली केली." स्क्रीनवर दोन्हीकडे तेच फोटो दिसायचे, तिला काय कळणार?

मी बाजाराची पिशवी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. मुलगी पुण्याला परतल्यावर पलासियातल्या एका दुकानात मशीन दाखवून आणलं. "अंकलजी, इसमें अब कुछ नहीं बचा," दुकानदार म्हणाला. बॅकअप? लोकांचे सांभाळण्यात नोकरीची सगळी वर्षं गेली, घरी दिव्याखाली अंधार.

आता पाट्या आहेत, फोटो नाहीत. पाटीवर मूळ फोटोचं नाव मात्र राहतं, आणि नावं बायको वाक्यंच्या वाक्यं द्यायची. चहा घेताना मी ती वाचतो. 'नको नको म्हणत दोन प्लेट'. 'पोहे गार झाले म्हणून रुसलेत'. फोटो तीच काढायची, त्यामुळे बहुतेक सगळीकडे मीच. एकाचं नाव आहे, 'ह्यांनी काढला, मी हसले म्हणून हलला'. तो कधी उघडल्याचं मला आठवत नाही.

रविवारी मुलीचा फोन आला. "बाबा, आता आईचे फोटो पटकन सापडतात ना?"

"हो गं," मी म्हटलं, "रोज बघतो."