दोन वाजेपर्यंत पाणी नाही

मावशी सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत पाण्याचा थेंब घेत नसे. कोलशेतहून पाटी घेऊन ती ठाण्याच्या मासळी बाजारात येई. बाजारात कोळणींची रांग बसे. बायकांसाठी मुतारी एकही नव्हती. "पानी प्यावाचं नि जावाचं कुठं?" माझे बोंबील निवडता निवडता ती एकदा म्हणाली होती. तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली. मग गोळ्या सुरू झाल्या, रोज सकाळी. डॉक्टरांनी तीन लिटर पाणी सांगितले. मावशी शब्दाची पक्की. दुपारी घरी पोचली की तांब्यामागून तांब्या रिचवून तीन लिटर पुरे करी. तिसऱ्या महिन्यात लघवीतून रक्त जाऊ लागले.

मी तिचा नेहमीचा गिऱ्हाईक, तेव्हा एका दैनिकात बातमीदार होतो. तिने केसपेपर माझ्यापुढे धरला. इंग्रजीत छापले होते: दिवसभर पाणी प्यावे, दर दोन तासांनी लघवी करावी. या औषधाचा जहाल अंश मूत्राशयात उतरतो आणि तिथे साचून राहिला तर आतले अस्तर भाजून काढतो. मावशीच्या पोटात तो रोज आठ तास साचत होता. डॉक्टरांनी तिलाच झापले, पाणी पीत नाहीस म्हणून. ती दिवसभर कुठे बसते, हे एकानेही विचारले नव्हते.

मी ते तिला मराठीत समजावून सांगितले. दुसऱ्या दिवसापासून ती दर दोन तासांनी बाजारासमोरच्या सरकारी कचेरीत जाऊ लागली. शिपायाने अडवले, संडास स्टाफसाठी आहे म्हणाला.

"सायबाच्या घरी पापलेट पोचवते, तवा मी कोन असते रे?"

आठवड्याभरात त्या दाराला कुलूप लागले.

मी बातमी दिली. छापून आली तेव्हा 'लघवी'च्या जागी 'गैरसोय' होती आणि रक्ताचे वाक्य गळले होते. मावशीने ती माझ्याकडून वाचून घेतली.

"मुतावाचं लिवलंच नाय तू," ती शांतपणे म्हणाली. "मंग त्यांना कलावं कसं?"

रक्त थांबेना, म्हणून गोळ्या अर्ध्यावर बंद केल्या. गाठ परत आली. वर्षभरात मावशी गेली.

पुढे एकदा बाजारात गेलो. तिच्या जागेवर सून बसली होती. ऊन कडक होते. मी माझ्याजवळची पाण्याची बाटली पुढे केली.

"नको दादा," ती म्हणाली. "दोन वाजल्यावर."