धाकटीची वेल, थोरलीचा डबा
भरतकामाच्या त्या कारखान्यात यंत्र एकच, तेही फ्लॉपीवर चालणारं, आणि फ्लॉप्या थोरल्या जावेच्या ताब्यात. नक्षी फ्लॉपीत, फ्लॉपी डब्यात, डबा कपाटात आणि किल्ली हिच्या कमरेला. फ्लॉपीच्या कोपऱ्यातली, नवं काही उतरू न देणारी खिट्टी सरकवल्याशिवाय ती फ्लॉपी कुणाच्या हाती देत नसे. उगाच कुणी तिच्यावर भलतंच काही उतरवायला नको. टाचण्या गोळा करायचा लोहचुंबक टेबलावर दिसला, की कारखाना डोक्यावर घेई. चुंबकाने नक्षी पार पुसली जाते, हे तिने सगळ्यांना ऐकवून ऐकवून वात आणला होता.

मग धाकटी आली. बाईसाहेबांच्या फ्लॉप्या चहाच्या कपाला टेकून पडलेल्या. पण नक्षी अशी काढी, की गिऱ्हाइकं थोरलीची बाजूला सारून तिचीच मागत. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, पोरीला हात आहे. इतक्या वर्षांत थोरलीला असं कुणी म्हटलं नव्हतं. तिचा नुसता जळफळाट झाला.

धाकटी जेवायला गेली, की ती गुपचूप तिच्या फ्लॉपीची प्रत काढी आणि कॉम्प्युटरवर टाका न् टाका तपासे. एखादी चूक सापडावी, एवढीच इच्छा. सापडत नसे. प्रत फेकून देववतही नसे. मग खिट्टी सरकवायची आणि डब्याच्या तळाशी.

एकदा एका हॉटेलच्या पडद्यांचं काम आलं. अर्धे पडदे झाले आणि धाकटीच्या वेलीची फ्लॉपी यंत्र वाचेना. धाकटीनेच चुंबक नेमका त्या फ्लॉपीवर ठेवला होता. काम हातचं जाणार म्हणून सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या. थोरलीला आधी बरं वाटलं, अगदी मनापासून. पण प्रत द्यावी तर आपली चोरी उघडी पडणार, आणि न द्यावी तर धडधाकट फ्लॉपी असून पडदे अर्धवट राहणार. हे दुसरं तिला बघवेना. तिने कपाट उघडलं.

"ही घे. कुठून आली ते विचारू नकोस."

धाकटीने फ्लॉपी यंत्रात सरकवली. "त्यात काय विचारायचं, ताई? तुम्ही प्रत काढता, माहीत होतं मला. म्हणून तर मी कधी काढली नाही."

यंत्र खडखडू लागलं, वेल उमटू लागली. म्हणजे इतके दिवस हिने आपल्याला फुकटात राखणीला बसवलं होतं! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

काम संपल्यावर तिने फ्लॉपी मागून घेतली आणि धुसफुसतच आणखी एक प्रत काढली.