गर्डल

अमेरिकेत नोव्हाय गावी आमच्या शेजारी एक स्कॉटिश म्हातारी राहायची. माझा बिडाचा तवा पाहून ती पहिल्यांदा हसली. "अगं, हा तर गर्डल!" पोट सुटलेल्या बिडाच्या भांड्याला ती येटलिन म्हणे. हे तिच्या आईचे शब्द. माझा उच्चार चुकला की टेबलावर चमचा आपटून पुन्हा म्हणायला लावी.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिला नर्सिंग होममध्ये ठेवलं. मी भेटायला गेले, तर ती गर्डल मागत होती आणि तिची मुलगी वैतागली होती.

"दोन आणून दिले, दोन्ही फेकले!"

अमेरिकेत गर्डल म्हणजे पोट आवळायचा पट्टा. दोन्ही पट्टे खुर्चीखाली पडले होते.

"तिला तिचा तवा हवाय," मी म्हणाले.

मुलीचा चेहरा उतरला. "तो गराज सेलमध्ये विकला गेला. तुम्हीच सांगा ना तिला."

असली कामं लांबवून सोपी होत नाहीत. मी लगेच सांगितलं.

म्हातारीने मुलीकडे मान वळवली. मग म्हणाली, "नेणाऱ्याला तव्याचं नाव सांगितलं का गं?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

"नाही ना? मग आता तो नुसता पॅन," म्हातारी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.