सुधाभाऊंनी मोकळी ठेवलेली पट्टी

फोन आला तेव्हा मी रोह्यात एका गच्चीवर केबल ओढत होतो. पेणहून सुधाभाऊंचा पुतण्या बोलत होता. सकाळी अंघोळीला जाताना काकांच्या छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं... पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. खरं तर आधी दुःख व्हायला हवं होतं. मला आधी भीती वाटली. साठीचा हा माणूस दोन दिवस वैशाखाच्या उन्हात शिडी घेऊन हमरापूरला का फिरत होता, ते मला ठाऊक होतं.

सुधाभाऊ म्हणजे पेणचे केबलवाले. त्यांच्या हाताखाली मी शिकलो आणि पुढे रोह्याची लाइन त्यांनी माझ्यावर सोपवली. केबलवर इंटरनेट आलं तेव्हा आम्ही सगळे स्पीडच्या मागे लागलो, भाऊ मात्र रिटर्न बघत बसले. घराकडे जाणाऱ्या सिग्नलला केबलमध्ये ऐसपैस जागा असते. घरातून उलट येणाऱ्याला, म्हणजे रिटर्नला, अगदी खालची चिंचोळी पट्टी मिळते, पाच ते पासष्ट मेगाहर्ट्झची. त्यातून घरोघरच्या ढिल्या जोडांतून शिरलेली खरखर त्याच पट्टीत गोळा होऊन कंट्रोल रूमपर्यंत येते. या पट्टीचा विसाच्या खालचा तुकडा भाऊंनी रिकामा ठेवला होता. पेणजवळच्या हमरापूरला गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत, त्यांत रंग फवारायचे कंप्रेसर चालतात, त्यांची खरखर नेमकी तिथे येते. एवढी जागा कुणासाठी राखून ठेवलीय, म्हणून मी त्यांना चिडवायचो. ते हसायचे आणि चहा मागवायचे.

भाऊ दोन दिवस लग्नाला गेले आणि पेणची कंट्रोल रूम माझ्याकडे आली. हमरापूरहून तक्रारी येतच होत्या. गिऱ्हाईक व्हिडिओ कॉलवर मूर्ती पसंत करतं, आणि इकडून जाणारं चित्रच अडकतं. मी शहाणपणा केला. रिकाम्या तुकड्यात रिटर्नचं आणखी एक चॅनल, म्हणजे उलट येणाऱ्या सिग्नलला आणखी एक वाट, बसवलं. दिवसभर तपासलं, सगळं झकास. त्या दिवशी अमावास्या होती. अमावास्येला कारखाने बंद असतात, एकही कंप्रेसर चालू नव्हता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. भाऊ परतले त्या दिवशी कारखाने सुरू झाले आणि हमरापूरची लाइन कोलमडली.

दुपारी त्यांचा फोन आला. "रम्या, रोह्याचा रिटर्न बरा हाय ना? हितं हमरापूरला लय कचरा येतोय."

"बरा हाय, भाऊ," मी म्हणालो.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग माझ्याच कुठल्या घरातून येत आसंल. बघतो."

एका वाक्याचं काम होतं. भाऊ, मी चॅनल टाकलंय, काढून टाका. लाज वाटली, उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. तिसऱ्या दिवशी पुतण्याचा फोन आला.

कार्याला गेलो, पण भाऊंच्या बायकोसमोर, वहिनींसमोर, जायची हिंमत झाली नाही. महिनाभर झोप उडाली होती. शेवटी कंट्रोल रूमच्या किल्ल्या घ्यायला त्यांनीच बोलावलं, तेव्हा उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. माझ्यामुळे गेले, असंही म्हणालो.

वहिनींनी मला आत बसवलं, पाणी दिलं. "त्यांना पयल्याच दिवशी, तुला फोन लावायच्या आधीच समजलं व्हतं," त्या म्हणाल्या. "जेवताना मला बोलले, रम्यानं टाकलेलं चॅनल कामाचं हाय, फक्त घराघरातले जोड नीट करायला लागतील. मी म्हटलं, मंग त्याला सांगा की. तर बोलले, सांगितलं तर तो घाबरून लगेच काढून टाकील."

म्हणजे फोनवर ते जे थोडा वेळ गप्प राहिले... ते मला बोलायला दिलेला वेळ होता. वहिनी म्हणाल्या, रक्तदाबाच्या गोळ्या ते मनाला येईल तेव्हा घ्यायचे, तू स्वतःला दोष लावून घेऊ नको. त्यांनी माफ केलं, हे मला कळतं. पण मन काही हलकं झालं नाही.

तिथून थेट हमरापूरला गेलो. पहिल्याच कारखान्यात मालकीण मूर्तीच्या पीतांबराला रंग देत होती. भाऊंचं नाव काढताच तिने ब्रश खाली ठेवला. म्हणाली, त्यांनी जुना जोड कापून नवा बसवला आणि माझ्याच वाटीतला पिवळा रंग बोटावर घेऊन त्यावर ठिपका दिला, हे घर झालं म्हणून. मी वर बघितलं. ठिपका होता. पुढच्या घरी होता, त्याच्या पुढच्या घरीही. दोन आळ्या पुऱ्या झाल्या होत्या. तिसऱ्या आळीत पाचव्या घरापर्यंत ठिपके होते, सहाव्या घराचा जोड जुनाच होता.

चॅनल मी काढलेलं नाही. दर रविवारी रोह्याहून जातो आणि सहाव्या घरापासून पुढचे जोड बदलतो. आता चारच घरं राहिली आहेत. प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी रंगाची वाटी पुढे करतं. पण ठिपका द्यायला माझं बोट काही अजून धजावत नाही.