हातमोज्याच्या आत मी होते

त्यांनी तोंड मिटलं.

क्षणापूर्वी ते उघडं होतं. डाव्या गालात आतून जखम, कडेला पांढुरकी, मधोमध लाल. मी बॅटरीचा उजेड टाकला, हातमोजा चढवलेलं बोट पुढे नेलं अन् म्हणाले, "थोडं मोठं उघडा, काका." मराठी ऐकून काका खुलले. राइट टाउनसारख्या बड्या वस्तीत बंगला, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, बाहेर सगळी हिंदी.

"अरे वा! आपल्यातल्या दिसता. आडनाव काय बाई तुमचं?"

मी सांगितलं.

"गाव?"

तेही सांगितलं. विदर्भातलं. गावातली वस्ती कुठली, ते आडनावानं आधीच सांगून टाकलं होतं.

तोंड मिटलं. मग सरांकडे वळून, हिंदीत, "डॉक्टर साहब, किसी और को बुला लीजिए."

आपल्यातली होते तोवर मराठी. नंतर मराठीसुद्धा नाही.

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. फार गोड माणूस. "बेटी, तुम ज़रा बाहर रुको."

अन् मी काय केलं? हात धुतले. साबणानं, कोपरापर्यंत. नवे हातमोजे घातले अन् परत जाऊन उभी राहिले! मला वाटलं, मोजा मळका असेल. कॉलेजात पहिली आलेली पोरगी, अन् अक्कल पाहा. मोजा स्वच्छच होता गं बये. आत तू होतीस.

डिग्रीच्या प्रबंधासाठी माझा अभ्यास तोंडाच्या अन् गळ्याच्या कॅन्सरचा. शेक दिल्यावर, म्हणजे रेडिएशननंतर, कुठली गाठ विरते अन् कुठली विरल्याचं सोंग घेते, ते शोधायचं. नुसत्या डोळ्यांना यातलं निम्मंच कळतं. गालात, जिभेखाली बोट फिरवावं लागतं, मान चाचपावी लागते. दर महिन्याला, अन् दर वेळी त्याच हातानं, कारण दोन हातांना एकच गाठ सारखी लागत नाही. म्हणून नियम होता की सगळे रोगी मीच तपासायचे. नियम सरांनीच घालून दिलेला.

काकांसाठी तो नियम वाकला. पडद्याच्या आत माझा एक ज्युनियर तपासायचा, बाहेर स्टुलावर बसून मी लिहून घ्यायची. आत काका त्याला लग्नाचं विचारत. मी बाहेर अक्षर सुरेख काढत होते. त्या पोरीच्या पाठीत आज एक धपाटा घालावासा वाटतो.

जनरल वॉर्डात जवळच्या पनागर गावची एक भाजीवाली होती. शेकानं जीभ सोलून निघालेली, थुंकी गिळवत नव्हती. मला पाहिलं की आपणहून तोंड उघडून बसायची. एकदा उशीर झाला तर म्हणाली, "कहाँ रह गईं दीदी? हम तो कब के मुँह खोले बैठे हैं."

ती वाचली नाही. काका वाचले.

बरे झालेले काका सरांना डॉक्टरांच्या मोठ्या सभेत दाखवायचे होते. सर मला म्हणाले, "लिख दो, सब मरीज़ तुमने खुद देखे. एक लाइन की तो बात है."

तीच एक ओळ मी भाजीवालीच्या पानावर लिहिली होती. स्वतः तपासले. तिथे ती खरी होती.

"नहीं लिखूँगी, सर."

"क्या?"

"उस मुँह में मेरा हाथ नहीं गया. जाने नहीं दिया गया. लिखूँगी तो यही लिखूँगी, वजह के साथ."

सर हसले. मग हसायचे थांबले. "फिर मुझसे दस्तख़त मत माँगना."

बाबा रिछाईच्या कारखान्यात राबायचे. घरी डोकं धरून बसले. "काहून भांडून राहिली व तू? आधी डिगरी घे, मंग भांड ना, माय."

बाबांचं चुकत नव्हतं. डिग्री गेली. अभ्यास ज्युनियरच्या नावानं छापून आला, काकांसकट. मी दुसऱ्या सरांकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तोवर माझे कितीतरी जुने रोगी उरले नव्हते.

आता माझी बोटं संधिवातानं वाकलीत. जावई म्हणतो, "अम्मा, अब माफ़ कर दो, ज़माना बदल गया." चलो, बदलला असेल. पण तपासायला आलेल्या पोरीला आजही कुणी आधी आडनाव विचारतो, अन् कुणी गोड सर तिला बाहेर थांबायला सांगतो.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरींना मी माफी शिकवत नाही. सांगते, जो तोंड मिटतो, इलाज त्याचाही करा, त्याचाही जीव जाऊ देऊ नका. पण तुम्हाला बाहेर उभं केलं, तर का केलं ते कागदावर चढलंच पाहिजे. ते गाळायला जो सांगेल, त्याच्या कागदावर आपलं नाव नाही.

डिग्री जाते? जाऊ दे.