उस्मानचा बिल्ला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आज उस्मानला माती देऊन आलो. कुरवंड्यात धुकं इतकं उतरलंय की समोरची शाळाही दिसत नाही — मग तुम्हाला सांगायला काय हरकत?

लढाईत आम्ही दोघं एकाच खेचरांच्या पलटणीत होतो. तो खेचरं हाकायचा, मी कारकून. दर्यापार बसऱ्याला, इराकात, जाणारी बोट सुटली तेव्हा तो चढला. मी तापाने पडलेला — मुंबईतच राहिलो, लढाई संपेपर्यंत. परतताना गाडीत त्याने सगळं सांगितलं. नदीकाठचे खजूर, पहाटेचं राखाडी पाणी, चिखलात रुतलेली जनावरं. मी डोळे मिटून ऐकत होतो. आणि गावात आल्यावर — कसं सांगू? — ते खजूर माझेच झाले. शाळेचा मास्तर झालो, लोक मलाच बसरा विचारू लागले. उस्मान शेजारी बसून ऐकायचा. एकदाही त्याने मला अडवलं नाही.

मग पलटणीच्या कचेरीतला एक माणूस गावात आला. दर्यापार गेलेल्यांनाच लढाईचा बिल्ला मिळणार होता. पलटणीत उस्मान शेख दोन — एक गेलेला, एक मुंबईत राहिलेला. तुमच्या गावचा कोणता, असं त्याने मलाच विचारलं.

उस्मानच्या छातीवर बिल्ला असता तर लोकांनी बसरा कुणाला विचारला असता?

"राहिलेला," मी म्हणालो.

माझा बिल्ला यायचाय, असं पुढे सांगत राहिलो. हळूहळू लोक विसरले. उस्मान यादीत 'राहिलेला' ठरला, हे मात्र कुणी विसरलं नाही. "उस्मानभाई, दर्या ऱ्हाऊ दे, खंडाळ्याचा घाट तरी उतरला व्हतास का?"

"उतरलो व्हतो की. खेचरावर बसून."

सगळे हसायचे. मीही. मी त्या माणसाला काय सांगितलं, हे त्याला ठाऊक होतं का? त्याने कधी विचारलं नाही — आणि मी न पाहिलेली ती नदी मला अजून झोपेत दिसते.

आज त्याच्या घरावरून परतताना त्याची बायको अमिनाभाभी दारात आल्या.

"मास्तर, तुमी संगं व्हता. ते खरंच गेलते का? मी बी लय हसलेय त्यांना."

"गेला होता," मी म्हणालो.

"मग बिल्ला का न्हाई आला?"

"सरकारी काम, भाभी. कुणाला ठाऊक."

त्यांनी मला पाणी दिलं. मी ते प्यालो.